भाकर उरू द्या, भात उरू देऊ नका: गावच्या स्वयंपाकघरातली नासाडी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: घरात सहा माणसं, त्यांत सासू-सासरे आणि शाळेत जाणारी दोन पोरं. रोज रात्री भात नाहीतर वरण उरतं आणि उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबतं. बाजाराच्या दिवशी आणलेली भाजी चौथ्या दिवसापर्यंत सुकते किंवा सडते. फ्रीज आहे, पण विजेचा भरवसा नाही. आणि सासूबाई म्हणतात, "उरलेलं गायीला घालतोच ना, मग वाया कुठं जातं?"

ताई, उरलेल्याचे पदार्थ खाली सांगतेच, पण नासाडी थांबते ती त्यांनी नव्हे. अन्न वाया जाणार की नाही हे दोन वेळी ठरतं. एक, तांदूळ मोजताना. दुसरी वेळ म्हणजे जेवणं उरकल्यानंतरचे पहिले दोन तास. या दोन वेळा सांभाळल्या तर शिळ्याच्या पाककृतींची गरज निम्म्याने कमी होते.

आधी माप. बऱ्याच घरांत तांदूळ मुठीने घेतात, वरून "असू दे" म्हणून आणखी एक मूठ पडते, आणि नेमकी तीच मूठ रोज उरते. १५० मिलीलीटरची एक वाटी ठरवा आणि ती तांदळाच्या डब्यातच राहू द्या. भांड्यांत गेली की तिच्या जागी दुसरी येते आणि माप बिघडतं. या वाटीत तांदूळ किंवा तुरीची डाळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसते. ज्वारीचं पीठ साधारण ८० ग्रॅम बसतं, म्हणजे एका मध्यम भाकरीपुरतं. सव्वाशे ग्रॅम तांदळाचा भात साडेतीनशे ग्रॅमच्या घरात जातो. सोबत भाकर किंवा पोळी असेल तर मोठ्या माणसाला रात्री अर्धी वाटी तांदूळ पुरतो, शाळकरी पोराला त्याहून थोडा कमी. तुमच्या सहा जणांना अडीच-पावणेतीन वाट्या झाल्या. डाळ घट्ट वरणाला सव्वा वाटी, फोडणीच्या पातळ वरणाला एक. डवरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं दमून येतात, तेव्हा हे माप पुरणार नाही. पण तेव्हा तांदूळ वाढवण्यापेक्षा भाकरी वाढवाव्यात, कारण पुढे येईलच.

हे आकडे फक्त सुरुवातीला धरायचे. तुमच्या घराचं खरं माप आठ दिवसांत कळतं. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिता त्याच चौकटीत रात्री झाकपाक करताना लिहा: "भात २, वरण १, भाकर दीड". भात आणि वरण वाट्यांत मोजायचं, भाकर नगात. आठव्या दिवशी बघितलं की चित्र स्पष्ट होतं. बहुतेक घरांत सगळंच थोडं थोडं उरत नाही, एखादाच पदार्थ पुन्हा पुन्हा उरतो आणि तोही ठरावीक वारी, म्हणजे कुणाचा उपास असतो त्या दिवशी किंवा शाळेत पोषण आहारात पोरांचं पोट भरलेलं असतं त्या दिवशी. भाताचं उरणं रोज दोन वाट्यांचं असेल तर कच्चा तांदूळ पाऊण वाटीने कमी करा. एकदम निम्मा केला तर एका रात्री कमी पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधली अन्नाची नासाडी दर माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो धरली आहे. त्यात साली, देठं, हाडं असं न खाण्याजोगंही मोजलेलं आहे आणि तो सगळ्या देशाचा अंदाज आहे. गोठा आणि उकिरडा असलेल्या घराला तो जसाच्या तसा लावू नका. कॅलेंडरवरचा आकडा तुमचा स्वतःचा, त्यावर काम करा.

जास्त शिजवलं जातं ते भीतीपोटी. अवचित पाहुणा आला, शेतावरचा माणूस जेवायला थांबला, तर कमी पडायला नको. ही भीती रास्त आहे, आपल्याकडे दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. पण तिच्यासाठी रोज जादा भात रांधायची गरज नाही. बेसन घरात असतंच. अर्धी वाटी बेसन, एक मोठा कांदा, चार मिरच्या, लसूण, की दहा मिनिटांत दोन-तीन माणसांपुरता झुणका होतो. भाकरीचं पीठ परातीत काढलेलं असतंच. कोरडं राहिलेलं पीठ चाळून परत डब्यात जातं, शिजलेला भात परत तांदूळ होत नाही.

म्हणूनच काही उरायचंच असेल तर भाकर उरू द्या. भातात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, भाकरीत त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. पाणी जितकं जास्त तितके जंतू वेगाने वाढतात. शिवाय भाकरीचा वरचा पापुद्रा कोरडा असतो. नीट ठेवलेली भाकर उन्हाळ्यातही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगली राहते. नीट म्हणजे अशी: तव्यावरून उतरलेली भाकर लगेच डब्यात कोंबायची नाही. बांबूच्या दुरडीत उभी टेकवून वाफ जाऊ द्यायची, मग सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची. गरम भाकरी एकावर एक रचून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं, मधल्या भाकरी ओल्या राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांवरच बुरशीचे ठिपके दिसतात.

भाकर फ्रीजमध्येही ठेवू नका. ती शिळी होते म्हणजे नुसती वाळत नाही. शिजताना पाणी पिऊन फुगलेला पिठातला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट होतो, आणि ही क्रिया फ्रीजच्या थंडीत सगळ्यांत जलद होते. उष्णता दिली की तो पुन्हा मऊ पडतो. म्हणून शिळ्या भाकरीला पाण्याचा हात लावून गरम तव्यावर झाकणाखाली मिनिटभर ठेवली की ती खाण्याजोगी होते, पण ती लगेच खावी लागते. दुसऱ्यांदा गार झाली की दगड.

आता रात्रीचा भात. एक समज डोक्यातून पूर्ण काढून टाकावा लागेल: "सकाळी फोडणी दिली की सगळं मरतं." तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि भात उकळताना ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. त्यातलं उलट्या करवणारं विष फोडणीच्या कढईतही नष्ट होत नाही. वास नसला, आंबला नसला, तरी असा भात बाधू शकतो. मे महिन्यात रात्री दहा वाजताही स्वयंपाकघरात तीस-बत्तीस अंश असतात, त्यामुळे गंजात झाकून ठेवलेला भात सकाळपर्यंत कोमटच राहतो. ही जंतूंना हवीहवीशी अवस्था.

त्यामुळे भात उरला हे दिसताक्षणी करायचं ते असं. पानं उचलायच्या आधी भात रुंद परातीत बोटाच्या एका पेराएवढ्या जाडीत पसरायचा आणि पंखा लावायचा. ढीग ठेवला तर वरचा भात गार होतो आणि मधला तासभर गरम राहतो. पंधरा-वीस मिनिटांत हाताला गार लागला की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायचा. चुलीवरून उतरल्यापासून फ्रीजमध्ये जाईपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ जाऊ नये, एप्रिल ते जूनमध्ये एक तास. दुसऱ्या दिवशी तो एकदाच गरम करायचा, आतपर्यंत वाफ येईस्तोवर, आणि उरलेला परत ठेवायचा नाही.

वीज गेली तर? फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतली थंडी चारेक तास टिकते. प्लॅस्टिकच्या दोन-तीन बाटल्या पाऊण भरून कायम बर्फकप्प्यात ठेवा आणि वीज गेली की खालच्या कप्प्यात काढा, थोडा वेळ आणखी मिळतो. पण रात्री वीज किती तास नव्हती हे झोपेत कळत नाही. त्यासाठी एक खूण करून ठेवा: वाटीत पाणी गोठवून बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि वाटी बर्फकप्प्यातच ठेवायची. सकाळी नाणं वरच दिसलं तर ठीक. बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे, म्हणजे फ्रीज बराच वेळ बंद होता. मग आतला भात, दूध, वरण खाऊ नये.

फ्रीज नसलेल्या घरात उन्हाळ्यात रात्रीचा भात ठेवूच नये. मोजून रांधणं हाच तिथला उपाय. पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात काही घरी भात पाण्यात घालून सकाळी खातात. आंबटपणामुळे काही जंतूंना आळा बसतो, पण तोवर बाकीचे वाढून गेलेले असू शकतात. हे करायचंच असेल तर भात आधी पसरून पूर्ण गार करा, मातीच्या स्वच्छ मडक्यात पाण्याखाली पूर्ण बुडवा आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत खाऊन टाका. बोटात तार सुटली, वास उग्र वाटला तर फेकायचा. तान्ह्यांना, गरोदर बाईला, आजाऱ्याला आणि तुमच्या सासू-सासऱ्यांच्या वयाच्या माणसांना तो देऊ नका.

वरणाचं थोडं सोपं आहे. सगळ्या वरणाला एकदम फोडणी देऊ नका. साधं वरण दोन भांड्यांत करा, एकाला फोडणी द्या, दुसरं उष्ट्या डावापासून लांब ठेवा. वाढताना पानातला चमचा भांड्यात गेला की तिथूनच बिघाड सुरू होतो. उरलेलं साधं वरण झोपायच्या आधी एक खळखळून उकळी आणून, थंड पाण्याच्या परातीत भांडं बुडवून ढवळत गार करायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. चिंच किंवा टमाटर घातलेलं वरण जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) गंजात रात्रभर ठेवू नये, आंबटाने भांडं झिजतं आणि चव उतरते. स्टीलच्या भांड्यात काढा.

सकाळी त्याच वरणाची वरणफळं होतात. दोन वाट्या वरणाला तीन वाट्या पाणी घालून उकळायचं, घट्ट मळलेल्या कणकेची पातळ पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे उकळीतच सोडायचे. उकळी बसलेली असताना सोडले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो, हे सगळ्यांकडून होतं. दहा मिनिटं शिजवून वरून लसणाची फोडणी. फार घट्ट उरलेलं वरण असेल तर पराठे करा: एक वाटी वरण, दोन वाट्या कणिक, ओवा, तिखट, सांबार (कोथिंबीर). पाणी आधी अजिबात घालू नका आणि गोळा मळून ठेवू नका. वरणात मळलेली कणिक दहा मिनिटांत सैल पडते, मग पोळपाटाला चिकटते, मग माणूस कोरडं पीठ लावत बसतो आणि पराठा चिवट होतो. मळला की लगेच लाटायचा.

भाकरीचे कुटके सगळ्यांनाच येतात, तरी निम्म्या वेळा त्यांचा लगदा होतो, म्हणून सांगते. तीन भाकरींचे फल्लीदाण्याएवढे (शेंगदाण्याएवढे) तुकडे करा. त्यावर चार चमचे ताक शिंपडून हाताने वरखाली करा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मग कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, मूठभर फल्लीदाणे, कांदा, मिरची, ठेचलेला लसूण, हळद. कांदा गुलाबी झाला की कुटके घालून मंद आचेवर पाच मिनिटं झाकण ठेवायचं. बिघडतं ते कढईत वरून पाणी ओतल्यामुळे. ज्वारीत गव्हासारखा चिकट धागा नसतो, तुकडा पाण्यात सरळ विरघळतो. पोळीचं उलटं आहे, जास्त पाण्याने पोळी विरघळत नाही, रबरासारखी होते. पोळीच्या कुटक्यांना म्हणून निम्मंच ताक घ्या.

एवढं करूनही पोळ्या उरत असतील तर कडक उन्हात दोन दिवस वाळवून जाडसर कुटा. हा चुरा घट्ट डब्यात महिनाभर टिकतो. कोबीच्या वड्या, कोफ्ते बांधायला किंवा पातळ रस्सा दाट करायला बेसनाऐवजी चालतो. दुपारच्या ताज्या भाताचे सांडगे घालता येतात: दोन वाट्या भात मळून त्यात जिरं, तिखट, दोन चमचे ज्वारीचं पीठ आणि नेहमीच्या निम्मं मीठ. मीठ निम्मं यासाठी की वाळल्यावर सांडगा आकसतो आणि खारटपणा वाढतो. दुपारी दोनच्या आत उन्हात पडले पाहिजेत, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची साल धरते. आंबलेल्या भाताचे सांडगे घालू नका, ऊन बिघाड झाकतं, दुरुस्त करत नाही.

भाजीकडे येऊ. आठवड्याच्या बाजारात एकदाच भाजी मिळते, तेव्हा सडण्याचं मुख्य कारण साठवण कमी आणि खाण्याचा क्रम जास्त असतं. घरी आल्यावर पहिले दोन दिवस पालेभाजी आणि सांबार, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वांगी, भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), पुढे लवकी (दुधी), पानकोबी, आणि शेवटी आलू, कांदे, कोहळं. आवडीप्रमाणे खाल्लं की मेथी तशीच राहते. बाजारात पिशवी भरतानाच हा क्रम मनात असू द्या आणि दोनपेक्षा जास्त पालेभाज्या घेऊ नका, पाच रुपयांत तिसरी जुडी मिळाली तरी.

पालेभाजी धुवून ठेवायची नाही, पिवळी पानं काढून ओलसर सुती फडक्यात गुंडाळायची. सांबाराच्या मुळ्या तशाच ठेवून जुडी दोन बोटं पाण्यात उभी करायची. पिकलेली केळी आणि टमाटर पालेभाजीजवळ नकोत, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. कांदे आणि आलू एका टोपल्यात ठेवले तर आलूला मोड लवकर येतात. आणि वांगी, काकडी, टमाटर फ्रीजमध्ये टाकू नका. दहा अंशांखाली वांग्याच्या आत बिया काळ्या पडतात आणि साल खड्ड्याखड्ड्यांची होते. मग आपण म्हणतो भाजीवाल्याने फसवलं.

या भाज्यांसाठी आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मातीची दुहेरी कुंडी फार कामाची आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली रेती भरून विजेशिवाय चालणारी शीतखोली बसवून दाखवली, त्याचंच हे घरगुती रूप. मोठं रुंद तोंडाचं मडकं घ्या आणि त्यात चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर जागा राहील असं दुसरं. तळाशी चार बोटं नदीची धुतलेली रेती, त्यावर आतलं मडकं, मधल्या फटीत रेती. सकाळ-संध्याकाळ रेती पूर्ण भिजेल इतकं पाणी, वरून ओलं गोणपाट. कुंडी विटांवर ठेवा आणि सावलीत, पण वाऱ्यावर. बंद खोलीत ठेवली तर हवा दमट होऊन पाणी उडत नाही आणि कुंडी गार पडत नाही. रंग लावलेली किंवा चकाकी दिलेली मडकी चालत नाहीत, छिद्रं बुजतात. खाऱ्या पाण्यानेही ती हळूहळू बुजतात, म्हणून महिन्यातून एकदा बाहेरून काथ्याने घासायची. बाहेर ४३ अंश आणि हवा कोरडी असताना आत २६ ते २८ अंश आणि भरपूर ओलावा मिळतो. वांगी, भेंडी, पालक त्यात दोन-तीन दिवस जास्त टिकतात. पण दूध, भात, वरण त्यात ठेवायचं नाही, २७ अंश शिजलेल्या अन्नाला गार नव्हेत. पाऊस सुरू झाला की हवेतच ओल असते, कुंडी निकामी होते. तेव्हा रेती काढून वाळवून ठेवा.

हंगामात भाजी मातीमोल होते तेव्हा वाळवण. मेथी आणि हरभऱ्याचा पाला निवडून, धुवून, पाणी निथळून आधी तासभर उन्हात आणि मग सावलीत वाळवा. दिवसभर उन्हात ठेवला तर रंग आणि वास दोन्ही जातात. दहा किलो पाल्याचा साधारण किलोभर माल होतो. बरबटी आणि गवार उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून, गार पाण्यात काढून मगच वाळवाव्यात. न वाफलेल्या शेंगा तपकिरी होतात आणि शिजवल्यावर गवतासारख्या लागतात, कारण त्यांच्यातली रंग-चव बदलणारी विकरं वाळतानाही काम करत राहतात. वांग्याच्या काचऱ्या चिरल्या चिरल्या मिठाच्या पाण्यात टाका, लीटरला दोन चमचे मीठ, म्हणजे काळ्या पडत नाहीत. टमाटरच्या चकत्या पेन्सिलीएवढ्या जाड ठेवा. पातळ चकत्या कापडाला चिकटतात, जाड आतून ओल्या राहतात.

वाळवण झालं की नाही हे कानाने बघायचं: मुठीत घेऊन हलवल्यावर खडखड वाजलं पाहिजे. मोडल्यावर तुकडा वाकला तर अजून एक ऊन हवं. आणि उन्हातून आणलेलं वाळवण लगेच डब्यात भरू नका. गरम मालातली वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतात आणि जुलैत डबा उघडल्यावर बुरशी दिसते. तासभर गार करून भरा. पावसाळ्यात उघडीप पडली की एकदा सगळे डबे उघडून तपासा.

साली-देठांबद्दल लोक उत्साहाने सांगतात, त्यात थोडं सावध राहावं असं माझं मत आहे. मुळ्याचा आणि फुलकोबीचा पाला, सांबाराच्या काड्या, टरबुजाच्या सालीचा आतला पांढरा गर, कोहळ्याच्या बिया, हे सगळं खाण्याजोगंच आहे आणि टाकू नये. दोडक्याच्या शिरांची चटणीही उत्तम: एक वाटी शिरा मंद आचेवर सात-आठ मिनिटं कुरकुरीत भाजायच्या, दोन चमचे तीळ, दोन चमचे फल्लीदाणे, मिरच्या, लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटायच्या. शिरा मऊ राहिल्या तर चटणी दुसऱ्याच दिवशी आंबते. पण कपाशीच्या तासांत लावलेली अंबाडी, भेंडी, बरबटी फवारणीनंतर लगेच तोडू नका. डब्याच्या चिठ्ठीवर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. आणि फवारा उडालेल्या शेतातली साल खाऊन वाचवण्यापेक्षा सोलून टाकलेली बरी. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने सगळं औषध निघत नाही.

काही गोष्टी वाचवायच्याच नसतात. लवकी चिरताना एक कच्चा तुकडा जिभेला लावा, कडू लागली तर पूर्ण टाका, शिजवून कडूपणा आणि त्यातलं विष जात नाही. हिरवे पडलेले आलू नकोत. भाकरीवर एका ठिकाणी बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा काढून बाकीची खायची नाही, बुरशीचे धागे आत पसरलेले असतात. बुरशी आलेले किंवा काळपट फल्लीदाणे भाजून, निवडूनही वापरू नका. त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, भाजल्याने ते पुरेसं जात नाही, आणि जनावराला घातलं तर दुधात उतरतं.

दुधाचं थोडक्यात. तापवताना फाटलं पण वास स्वच्छ आहे, तर पनीर करा आणि हिरवट पाण्यात पोळ्यांची कणिक मळा. आंबट दह्याची कढी. तूप कढवल्यावरची बेरी त्याच दिवशी कणकेत मळून टाका.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे. त्यांचं अर्ध म्हणणं खरं आहे: निवडलेल्या भाजीची देठं, साली, कोंडा, डाळीची चुनी गायीला घालणं ही नासाडी नव्हे. पण माणसांसाठी शिजवलेल्या अन्नात तांदूळ, सरपण किंवा गॅस आणि तुमची दोन तासांची मेहनत गेलेली असते, ती गायीच्या घासात परत येत नाही. दुसरं, शिजलेला भात आणि पोळ्या गायीच्या पोटाला फार मानवत नाहीत. तिचं पोट चाऱ्यासाठी आहे. भात-पोळी-पुरण एकदम पोटात गेलं की ते वेगाने आंबतं, पोटात आम्ल वाढतं, गाय चारा सोडते, पातळ हगते, फुगते, वेळेवर उपचार न मिळाले तर मरतेही. लग्नाच्या पंगतीनंतर, महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर उरलेलं टोपलंभर पुरण-भात गोठ्यात ओतल्यावर हेच होतं. रोज मूठ-दोन मुठी चाऱ्यात मिसळून, त्याहून जास्त नाही, आणि आंबलेलं, बुरशी आलेलं, फार खारट किंवा तेलकट अजिबात नाही. एखाद्या दिवशी चुकून जास्त खाल्लं आणि गाय रवंथ करायची थांबली तर घरगुती काढे करत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

गायीलाही चालत नाही ते उकिरड्यात जाऊ द्या, पण वरवर फेकू नका. कुत्री आणि डुकरं ओढून नेतात, माश्या होतात. शेणात हातभर खोल पुरायचं आणि वर कोरडा पालापाचोळा किंवा तुरीचं कुटार टाकायचं. ओल्या अन्नाच्या एका टोपल्याला दोन टोपल्या कोरडं घातलं की वास येत नाही आणि खतही लवकर तयार होतं.